साडेतीन वर्षांच्या बधिर लेकीला खुणांची भाषा शिकवावी का? आणि शाळा कुठली? (खानापूर-बेळगाव)

जांबोटीकर
नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या बाजूचे. लेक साडेतीन वर्षांची आहे. दीड वर्षाची झाली तरी हाक मारल्यावर वळायची नाही. गावात सगळे म्हणाले, बापही उशिरा बोलला होता, थांबा जरा. मग बेळगावात बेरा (कानाची) तपासणी झाली तेव्हा कळलं की दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. आता कानामागची यंत्रं आहेत आणि दर आठवड्याला स्पीच थेरपीसाठी बेळगावला नेतो.

थेरपिस्ट बाईंनी बजावलंय की घरात खुणा अजिबात करायच्या नाहीत, नाहीतर ती बोलायला शिकणार नाही. माझी आई काही ऐकत नाही. तिनं नातीसाठी आपल्याच खुणा काढल्यात. गाय, दूध, पाऊस, आजोबांची काठी. लेक घरात सगळ्यांत जास्त तिलाच चिकटून असते. बायको म्हणते आईंना थांबवा. मला थांबवावंसं वाटत नाही.

दुसरा प्रश्न शाळेचा. घरात मराठी. बेळगावात बधिर मुलांना कन्नडमधून शिकवतात. कोल्हापूरकडं मराठीतून शिकवणाऱ्या निवासी शाळा आहेत. नाहीतर गावातली अंगणवाडी आणि पुढं गावचीच मराठी शाळा. ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

राकसकोप
थेरपिस्ट सांगतात तसंच करा. हातांची सवय लागली की मूल तोंड उघडत नाही. माझ्या चुलतबहिणीची मुलगी यंत्र लावून बोलायला शिकली, आज कॉलेजात आहे. जग बोलणाऱ्यांचं आहे, तिला त्याच जगात राहायचंय.

वेदगंगा
निपाणीहून लिहितेय. माझा मुलगा बधिर आहे, आता सातवीत. आम्ही त्याला सीमेपलीकडच्या निवासी शाळेत घातलं, कारण एकच, मराठी. कागदपत्रांचं आधी सांगते. अनुदानित जागेसाठी महाराष्ट्राचा रहिवासी दाखला मागतात आणि आपल्या आधार कार्डावर कर्नाटक. अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड देशभर चालतं, खरं शिष्यवृत्ती आणि बसचा पास राज्याराज्यांचा वेगळा. हे सगळं आधी विचारून घ्या, प्रवेशाच्या दिवशी कळलं तर फार धावपळ होते.

आणि साडेतीन वर्षांच्या पोरीला वसतिगृहात ठेवू नका हो. मुलगा सुट्टीत घरी येतो तेव्हा मित्रांशी व्हिडिओ कॉलवर तासन् तास हात चालू असतात. आमच्याशी मात्र जेवण, अंघोळ, झोप एवढंच. मला त्याच्या खुणा येत नाहीत, येत्या सुट्टीच्या आत शिकणार आहे.

उद्यमबाग_लेथ
मी बधिर आहे. उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये काम करतो. माझं शिक्षण बोलण्याच्या पद्धतीनं झालं. म्हणून सांगतो.

आरशासमोर उभे राहा. आवाज न काढता म्हणा: मामा. बाबा. पापा. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. आता कन्नड 'बा' म्हणा, म्हणजे 'ये'. तेही तसंच. क, ख, ग, ह तर तोंडात मागे होतात, ओठांवर काही दिसत नाही. शिक्षकांना मिशी असली की उरलेलंही गेलं. फळ्याकडे तोंड करून बोलले की तास संपला. मुलाला शब्द आधी माहीत असेल तर ओठांवरून अंदाज करता येतो. ज्यानं शब्दच कधी ऐकला नाही त्यानं अंदाज कशाचा करायचा?

वर्गात हात मांडीखाली ठेवून बसायचं. खुणा केल्या की पट्टी. खरं शिक्षण वसतिगृहात रात्री व्हायचं. वॉर्डननं खोलीतला दिवा बंद केला की आमचं बोलणं बंद. म्हणून आम्ही संडासाच्या बाहेरच्या बल्बखाली जमायचो. मोठी मुलं क्रिकेटचा सामना सांगायची, गावाकडे निघालेला साप सांगायची, सिनेमातली मारामारी करून दाखवायची. रक्त शरीरात कसं फिरतं ते मला तिथं एका दादानं समजावलं. वर्गात मी ते वहीत उतरवून घेतलं होतं, कळलं नव्हतं.

जांबोटीकर, तुमच्या आईंना थांबवू नका. त्या घरात एकट्याच मुलीशी बोलतात.

येळ्ळूरगड
उद्यमबाग, तुमचं लिखाण वाचून लगेच आरशासमोर जाऊन बघितलं. मामा-बाबा-पापा खरंच एकच दिसतं. इतकी वर्षं कधी डोक्यात आलं नाही.

शहापूर_बाई
बधिर मुलांना शिकवण्यात माझी नोकरी गेली, आता निवृत्त आहे. थोडं मागचं सांगते, म्हणजे थेरपिस्ट बाईंचं म्हणणं कुठून येतं ते कळेल.

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये लेपे नावाच्या पाद्र्यानं बधिर मुलांना त्यांच्याच खुणांतून शिकवायला सुरुवात केली. जर्मनीत हायनिकेनं 1778 साली लाइपझिगला शाळा काढली, ती बोलण्यावर भर देणारी. हा वाद तेव्हापासूनचा. 1880 साली इटलीत मिलान इथं शिक्षकांची परिषद भरली आणि तिनं ठराव केला की बोलण्याचीच पद्धत श्रेष्ठ. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकणारे होते. युरोपात बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या आणि वर्गातून खुणा हद्दपार झाल्या. आपल्याकडच्या शाळा त्याच सुमारास निघू लागल्या, त्यांनी तीच रीत उचलली. 2010 साली कॅनडात व्हँकूव्हरला त्याच परिषदेनं मिलानचे ठराव नाकारले आणि झाल्या नुकसानीबद्दल खेद व्यक्त केला. मध्ये 130 वर्षं गेली. तेवढ्या काळात आमच्या हाताखालून किती मुलं अर्धवट समजून बाहेर पडली, याचा मला आजही त्रास होतो.

आता अनुभवाचं. माझ्या वर्गात सर्वांत पुढे असायची ती ज्यांचे आईवडीलही बधिर होते ती मुलं. घरात पैसा नसायचा, यंत्र कधी चालू कधी बंद, तरी वाचनात पुढे. कारण ती शाळेत यायची तेव्हा त्यांच्याकडे एक पूर्ण भाषा असायची. 'का', 'उद्या', 'जर', 'खोटं' हे त्यांना कळायचं. बाकीची मुलं सहाव्या वर्षी 'पाणी', 'भात' आणि 'आई' घेऊन यायची. पहिल्या पाच वर्षांत मेंदूला कुठलीतरी एक भाषा भरभरून मिळावी लागते. कानानं मिळाली तर कानानं, डोळ्यांनी मिळाली तर डोळ्यांनी. कान उघडतील म्हणून वाट बघत बसलात तर ती वर्षं परत येत नाहीत.

राकसकोप
बाई, तुमचा अनुभव मोठा आहे, मान्य. खरं आता कॉक्लिअर इम्प्लांट आहे, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं यंत्र. ऑपरेशन करून ऐकू येत असेल तर खुणांचा खटाटोप कशाला? ज्या गावात खुणा कुणालाच येत नाहीत तिथं त्या शिकून ती बोलणार कुणाशी?

तिसरं_गेट
टिळकवाडीतून. माझ्या मुलाचं इम्प्लांट दुसऱ्या वर्षी झालं. केंद्राच्या अपंगांसाठीच्या एडीआयपी योजनेतून लहान मुलांना मदत मिळते, आम्हालाही मिळाली. मुलगा छान बोलतो. ऑपरेशन करावं असंच मी कुणालाही सांगेन.

खरं पुढचंही सांगते. ऑपरेशननंतर ऐकू येतं ते लगेच 'कळत' नाही, मॅपिंग (यंत्राचा आवाज मुलाला जुळवणं) आणि थेरपी कित्येक वर्षं चालते. बाहेरच्या प्रोसेसरची वॉरंटी संपली की केबल, कॉइल, बॅटरी सगळं आपल्या खिशातून. आणि रात्री काढून ठेवला की मूल पुन्हा पूर्ण बधिर. अंघोळीला, तापात, केबल तुटली त्या आठवड्यात, वर्गातल्या गोंगाटात. त्या वेळी आम्ही खुणांत बोलतो. खुणा आल्या म्हणून त्याचं बोलणं मागे पडलं नाही. ज्या शब्दाची खूण त्याला आधी येते तो शब्द तोंडानंही लवकर येतो, हे मी घरात बघतेय.

जांबोटीकर, तुमच्याकडचा पाऊस बघता एक करा. यंत्रं रात्री घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पावसाळ्यात ओलीनं यंत्र बंद पडतं आणि मूल बोलत नाही म्हणून आपण मुलालाच दोष देतो.

मार्कंडेय
मी ऑडिओलॉजिस्ट आहे, ऐकण्याची तपासणी करतो. डबीचा सल्ला एकदम बरोबर. त्यात भर: कानातला साचा मूल वाढतं तसा सैल होतो. यंत्रातून बारीक शिट्टी यायला लागली की साचा बदलायची वेळ झाली समजा. शिट्टी नको म्हणून लोक आवाज कमी करून टाकतात, मग यंत्र असून नसल्यासारखं.

इम्प्लांटचा विचार असेल तर उशीर करू नका. जन्मापासून बधिर असलेल्या मुलांत जितकं लवकर तितकं चांगलं. खरं तर पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्याच्या आत निदान आणि सहाव्याच्या आत उपचार सुरू, असं जगभर धरतात. आपल्या तालुक्यांत अजून मूल बोलत नाही म्हणूनच आणतात. हा धागा वाचणाऱ्या कुणाच्या घरी बाळंतपण असेल तर बाळाची ओएई ही ऐकण्याची तपासणी मागून घ्या. बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते.

अजून एक, नाजूक आहे. आपल्या भागात मामाच्या मुलीशी, बहिणीच्या मुलीशी लग्नं होतात. काही प्रकारचं बधिरत्व दोन्हीकडून एकच जनुक आल्यानं येतं, आईवडील दोघं व्यवस्थित ऐकणारे असतात. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर जनुकीय सल्ला घ्या. आणि सुनेला कुणी बोल लावत असेल तर त्याला हे वाक्य दाखवा: दोन्हीकडून.

खुणांबद्दल: आम्हाला शिकवताना 'आधी बोलणं' हेच शिकवलं गेलं. मी स्वतः आता पालकांना दोन्ही करा म्हणतो.

मळेकरणी
सगळं ठीक, खरं मूळ रोग वेगळाच आहे. 1956 ला आपल्याला ढकललं नसतं तर बेळगावात मराठीतून शिकवणारी बधिरांची शाळा असती आणि ह्या बापाला हा प्रश्नच पडला नसता.

निपाणी_नाका
+1. आणि फलक, दाखले, सगळं कन्नडमध्ये

संपादक मंडळ
सीमाप्रश्नावर स्वतंत्र धागे आहेत. इथं मुलीच्या शिक्षणाबद्दल लिहा. पुढचे तसे प्रतिसाद हलवले जातील.

वडगाव_माग
माझे आईबाबा दोघंही बधिर. दोघंही वडगावात यंत्रमागावर. मी ऐकणारा.

मागाच्या खडखडाटात ऐकणारी माणसं एकमेकांच्या कानात ओरडतात. आईबाबा चार माग लांब उभे राहून आरामात बोलतात. बाकीचे कामगारही त्यांच्याकडून दहावीस खुणा शिकलेत: धागा तुटला, चहा, मालक आला. राकसकोप, 'बोलणार कुणाशी' याचं उत्तर आमच्या गल्लीत आहे. एक कुटुंब खुणांत बोलायला लागलं की शेजारीपाजारी शिकतात.

आमच्या घरी बेल दाबली की बल्ब लागतो. लक्ष वेधायचं तर खांद्यावर थाप किंवा फरशीवर पाय आपटायचा. बोलताना समोरच्यानं नजर फिरवली की तो अपमान, कारण नजर फिरली म्हणजे ऐकणं बंद केलं. दोघं खुणांत बोलत असतील तर मधून झटकन निघून जायचं, वाकून माफी मागत थांबलं की उलट अडथळा होतो. टाळ्या म्हणजे दोन्ही हात वर करून हलवणं. आणि प्रत्येकाला खुणेचं नाव असतं, ते बधिर माणसंच ठेवतात. माझं नाव हनुवटीवरची खळी. बाबांच्या सगळ्या मित्रांना मी तोच.

आता दुसरी बाजू. बँकेत साहेब कन्नडमध्ये, मी मध्ये, आईबाबा खुणांत. सातवीत असताना दवाखान्यात बाबांच्या आजाराचं मलाच सांगितलं गेलं आणि 'त्यांना समजावून सांग' म्हणाले. लहान पोराच्या खांद्यावर ते टाकायला नको होतं. दुभाषी मिळायला हवा. सरकारी दवाखाना, पोलीस ठाणं, तहसील, निदान एवढ्या ठिकाणी तरी. दुभाष्याचा डिप्लोमा असतो, आपल्या भागातल्या ऐकणाऱ्या मुलांनी तो करावा असं मला मनापासून वाटतं.

येळ्ळूरगड
वडगाव, फार सुंदर लिहिलंत. एक विचारू का, आपल्या बेळगावच्या मिठाईची, कुंद्याची खूण काय आहे? 🙂

उद्यमबाग_लेथ
आमच्या ग्रुपमध्ये: कढईत जोरात ढवळायचं, मग बोट चाटायचं. तोंडावर आनंद दाखवला नाही तर ती खूण पिठल्याची होते 😄

तालमीतला
ह्यावरून आठवलं. कुस्तीवाले इथं असतीलच. हरयाणाचा वीरेंद्र सिंग, बधिर मल्ल. 2005 ला मेलबर्नच्या डेफलिम्पिकमध्ये (बधिरांच्या ऑलिम्पिकमध्ये) सुवर्ण, पुढं 2013 आणि 2017 लाही. 2021 ची पद्मश्री. आपल्या आनंदवाडीच्या आखाड्यात वर्षाला किती कुस्त्या होतात, खरं बधिर पोरांना कुणी तालमीत आणत नाही. माझ्या तालमीत दोघे आहेत. डाव शिकवायला बोलावं लागतच नाही, एकदा करून दाखवला की बस्स. शिट्टी ऐकू येत नाही म्हणून पंच पाठीवर थाप मारतो, एवढाच फरक.

वेदगंगा
माझ्या मुलाला फार आवडेल हे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

काकती_नाका
मूळ प्रश्नावर येतो. ही खुणांची भाषा नक्की कन्नड की मराठी? बेळगावच्या शाळेत गेली तर कन्नड खुणा शिकेल ना?

उद्यमबाग_लेथ
नाही. भारतीय सांकेतिक भाषा स्वतंत्र आहे. तिचं व्याकरण तिचंच आहे. प्रश्नाचा शब्द शेवटी येतो: 'तू नाव काय'. नकारही शेवटी. भुवया आणि मान सुद्धा व्याकरणात आहेत, भुवया उचलल्या की तेच वाक्य प्रश्न होतं. मुंबई आणि बंगळूरच्या काही खुणा वेगळ्या आहेत, पण वाक्याची बांधणी एकच. मी कोल्हापूरच्या मित्राशी आणि हुबळीच्या मित्राशी एकाच भाषेत बोलतो. त्या दोघांच्या घरच्यांना एकमेकांशी बोलता येत नाही, आम्हाला येतं.

सीमेचा वाद आमच्या हातांत नाही.

शहापूर_बाई
यावर जांबोटीकरांनी नीट लक्ष द्यावं. शाळेची भाषा म्हणजे तिथं लिहायला-वाचायला काय शिकवतात ती. मुलीच्या डोक्यात आधी खुणांची भाषा पक्की असेल तर तिच्यावर कन्नडही चढवता येतं आणि मराठीही. पाया नसेल तर मराठी शाळेतही ती फळ्यावरचं नुसतं उतरवून घेईल.

जांबोटीकर
सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोनं आणि मी रात्री बसून सगळं वाचलं. तिसरं_गेट आणि वडगाव यांचं वाचून ती म्हणाली, आधी आपण दोघांनी शिकूया.

दोन शंका उरल्यात. शिकायचं कुठून? आणि कन्नड शाळेत घातली तर मराठी वाचायला येईल का? तिची आजी, मावश्या, सगळ्या मराठीच. उद्या मोबाईलवर तिनं आजोळी निरोप पाठवला तर तो मराठीत असावा एवढी इच्छा आहे.

तिसरं_गेट
शिकायला: दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन केंद्राचा 10,000 शब्दांचा व्हिडिओ कोश फुकट आहे, 2021 पासून. सरकारच्या दीक्षा ॲपवर पाठ्यपुस्तकांचे सांकेतिक भाषेतले व्हिडिओ मिळतात. डिसेंबर 2024 पासून पीएम ई-विद्याचं 31 नंबरचं चॅनेल फक्त सांकेतिक भाषेचं आहे, डिशवर दिसतं. आजींनाही बघता येईल.

उद्यमबाग_लेथ
व्हिडिओ चांगले आहेत. पण भाषा माणसांकडून येते. तुमच्या मुलीनं मोठा बधिर माणूस अजून पाहिला आहे का? मी लहान असताना मला वाटायचं बधिर मुलं मोठी होत नाहीत, कारण मी एकही मोठा बधिर माणूस पाहिला नव्हता. तिला तसं वाटू देऊ नका. रविवारी आम्ही काही जण भेटतो. तिला आणा. आजींनाही आणा.

शहापूर_बाई
मराठी वाचनाचं सांगते. चित्र दाखवायचं, खूण करायची, शब्द लिहायचा, पुन्हा खूण. 'पाऊस' हा शब्द दाखवताना बाहेर पाऊस पडत असावा, तुमच्याकडे ते अवघड नाही. घरातल्या वस्तूंवर मोठ्या अक्षरात मराठी चिठ्ठ्या लावा. रोज रात्री एक गोष्ट, पुस्तक मांडीवर, हात मोकळे, मुलगी समोर बसलेली. शेजारी बसवू नका, तिला तुमचा चेहरा दिसला पाहिजे.

तिच्या मराठीत पुढं एक अडचण येईल, आत्ताच सांगून ठेवते. बधिर मुलं 'मी शाळा गेला' असं लिहितात. 'त', 'ला', 'ने', गेला-गेली, हे शेपटीचे तुकडे ओठांवर ठळक दिसत नाहीत आणि खुणांत वेगळ्या रीतीनं येतात. ते वाचनातूनच पक्के होतात. ती असं लिहील तेव्हा हसू नका आणि लाल रेघा मारू नका. तिचा निरोप समजला असेल तर आधी उत्तर द्या, आणि उत्तरात बरोबर वाक्य लिहा: 'तू शाळेत गेलीस? छान!' शंभरदा वाचलं की बसतं.

शाळा निवडताना कागदावरचं माध्यम बघत बसू नका. वर्गाच्या दारात थोडा वेळ उभे राहा. मुलं शिक्षकांना प्रश्न विचारतात का? शिक्षकांना त्यांचा प्रश्न पहिल्यांदा समजतो का? शाळेत एक तरी बधिर शिक्षक आहे का? अपंग हक्क कायदा 2016 च्या कलम 17 मध्ये सांकेतिक भाषा येणारे, त्यात स्वतः अपंग असलेलेही, शिक्षक तयार करून नेमायला सांगितलंय. निर्धास्तपणे विचारा, तो तुमचा हक्क आहे. गावच्या शाळेतही हेच बघा. चाळीस ऐकणाऱ्या मुलांत एकटी बसवून 'समावेशन झालं' म्हणतात, मला ते फार लागतं. तिथं खुणा जाणणारं कुणी नसेल तर ती रोज पाच तास एकटीच असेल.

राकसकोप
बाई, माझी चुलतबहिणीची मुलगी गावच्याच शाळेत शिकली. तिला जमलं.

मार्कंडेय
राकसकोप, तिचं नुकसान किती डेसिबलचं होतं? 55-60 वाली मुलं यंत्रानं बरंच ऐकतात. 90 च्या पुढच्या मुलीला तो दाखला लागू करता येत नाही.

राकसकोप
विचारून सांगतो. हा फरक असतो हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

जांबोटीकर
ठरवलंय. आईच्या खुणा चालू राहणार. यंत्रं आणि थेरपीही चालू. थेरपिस्ट बाईंशी मी बोलणार आहे. इम्प्लांटची तपासणी याच महिन्यात. सध्या अंगणवाडी आणि घरी शिकणं, पुढच्या वर्षी दोन्ही बाजूंच्या शाळांच्या दारात उभा राहून बघेन. उद्यमबाग, रविवारी किती वाजता?

उद्यमबाग_लेथ
अकरा वाजता. पत्ता व्यनि केला. पाऊस असला तरी असतो. आल्यावर हाक मारू नका, हात हलवा 😄

वेदगंगा
निपाणीहून आलं तर चालेल का? मुलगा सुट्टीवर येतोय, त्याच्याबरोबर मलाही शिकायचंय.

वडगाव_माग
या की! सकाळच्या बसनं निघालात तर वेळेत पोचाल. आई म्हणतेय डबा आणू नका, जेवण आमच्याकडं.